नाशिकची शिराझ विदर्भाच्या घरी

खापरखेड्याच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या परिसरात, चनकापूरच्या वसाहतीत अथवा सिल्लेवाड्याच्या कोळसा खाणीकडील वस्तीत ज्यांचे वास्तव्य आहे, त्यांच्यासाठी द्राक्षाच्या तांबड्या वाइनविषयी मार्गदर्शनपर लेख लिहावयाचा, ही कल्पना प्रथमदर्शनी काहीशी विसंगत वाटण्याचा संभव आहे. कारण कन्हान आणि कोलार या नद्यांच्या काठचा हा मुलूख कोळशाचा, विजेचा आणि थोडे पलीकडे सावनेर-काटोलकडे सरकले म्हणजे कापसाचा व संत्र्याचा, आणि नाशिकचे द्राक्षमळे येथून सुमारे दोनशे कोसांवर. तथापि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नाशिकच्या वाइनने नागपूरच्या दुकानांत आपली जागा कायम केली आहे, पुण्या-मुंबईस नोकरीला असलेली मुले दिवाळीस घरी येताना एखादी बाटली घेऊन येऊ लागली आहेत, आणि ती बाटली कपाटात कोठे ठेवावी, केव्हा उघडावी व कशाबरोबर घ्यावी, हा प्रश्न अनेक सुशिक्षित घरांत उपस्थित होऊ लागला आहे. या प्रश्नाची जी उत्तरे पुस्तकांतून मिळतात ती बहुधा थंड देशांतील लेखकांनी थंड देशांतील घरांकरिता लिहिलेली असतात. तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असे ती सांगतात, परंतु मे महिन्यात ज्या खोलीतील पारा चाळीस अंशांवर जातो त्या खोलीचा विचार त्या लेखकांच्या मनाला कधी शिवलेला नसतो. म्हणून नाशिकच्या तांबड्या वाइनमध्ये जिचे नाव अग्रभागी घेतले जाते त्या शिराझ जातीचा परिचय करून द्यावा, आणि तिच्या खरेदीचा, साठवणीचा व सेवनाचा बंदोबस्त आपल्या हवामानाला धरून कसा करावा हे सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जातीचे कूळ आणि तिचा नवा मुलूख

शिराझ ही काळसर निळ्या, लहान मण्यांची आणि जाड सालीची द्राक्षाची जात होय. फ्रान्समध्ये तिला सिराह म्हणतात. इराणातील शिराझ शहरातून कोणा धर्मयोद्ध्याने ती युरोपात नेली अशी आख्यायिका दीर्घकाळ प्रचलित होती. परंतु गेल्या शतकाच्या अखेरीस आनुवंशिक परीक्षा झाल्या तेव्हा द्युरेझा आणि माँद्यूझ ब्लांश या आग्नेय फ्रान्सकडील दोन जातींच्या संकरातून ती निपजली असे निर्विवाद ठरले, आणि ऱ्होन नदीचे खोरे हेच तिचे माहेर म्हणून मुक्रर झाले. तेथून 1832 साली जेम्स बझ्बी यांनी जमविलेल्या कलमांबरोबर ती ऑस्ट्रेलियात पोचली, आणि त्या उष्ण, कोरड्या भूमीत तिने जे रूप धारण केले ते इतके लोकप्रिय झाले की आपल्याकडील वाइन उत्पादकांनीही तिचे ऑस्ट्रेलियातील शिराझ हेच नाव पत्करले. रेव्हेलोसारखे काही उत्पादक मात्र लेबलावर सिराह असे छापतात. दोन्ही नावांखाली जात एकच आहे, हे ग्राहकाने ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्रात वाइनचा आधुनिक उद्योग प्रथम नारायणगावास श्यामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात उभारला. पुढे सन 2000 मध्ये नाशिकजवळच्या सुला या कारखान्याची पहिली वाइन बाजारात आली, आणि 2001 साली राज्य शासनाने द्राक्ष-प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून विंचूर व पलूस येथे वाइन पार्क स्थापिले, तेव्हापासून दिंडोरी, निफाड, इगतपुरी या तालुक्यांत वाइनच्या द्राक्षांची लागवड वाढत गेली. खाण्याच्या द्राक्षांत प्रवीण असलेल्या शेतकऱ्याला या नव्या जातींसाठी आपल्या पुष्कळ सवयी बदलाव्या लागल्या: थॉमसन किंवा सोनाका मांडवावर चढवावयाची, तर शिराझ तारांच्या उभ्या कुंपणावर बांधावयाची, तेथे मणी मोठा व घड भरदार व्हावा म्हणून खटपट, तर येथे मणी लहान राहावा आणि एकरी उतारा मर्यादित असावा असा कटाक्ष, कारण रंग, तुरटपणा आणि सुवास यांचा मोठा वाटा सालीत असतो आणि मणी जितका लहान तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक.

युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून निद्रिस्त होते; आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटावे लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काडी तयार करावयाची, आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी करून घड धरावयाचे, असा हा क्रम आहे. त्यामुळे युरोपात जे फळ सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकते ते आपल्याकडे जानेवारी ते मार्च या काळात काढणीला येते. सहाशे मीटरच्या सुमारास उंच असलेल्या नाशिकच्या पठारावर त्या दिवसांत दुपार उबदार आणि रात्र चांगलीच थंड असते. दुपारची ऊब साखर भरते आणि रात्रीची थंडी आंबटपणा टिकवून धरते, व या दोहोंच्या तोलावरच वाइनची प्रकृती अवलंबून असते.

तांबडा रंग कोठून येतो

शिराझचा मणी चिरडला तर त्यातून निघणारा रस जवळजवळ पांढराच असतो. तांबडा रंग सारा सालीत. म्हणून तांबडी वाइन करताना देठ काढलेली द्राक्षे सालीसह टाकीत भरतात, आणि साखरेचे मद्यार्कात रूपांतर होत असता वर तरंगून आलेला सालींचा थर पुनःपुन्हा रसात बुडवितात. आठ-दहा दिवसांच्या या सहवासात रसाला रंग आणि टॅनिन, म्हणजे कच्च्या जांभळाने जिभेवर येतो तो तुरटपणा, प्राप्त होतो. नंतर वाइन पिळून, निवळून, तिचा काही भाग पोलादी टाक्यांत ठेवतात व लवकर बाटलीत भरतात. जी अधिक घट्ट बांध्याची असेल ती ओकच्या पिंपात काही महिने मुरवितात. लेबलावर ‘रिझर्व्ह’ असे लिहिलेल्या बाटल्या बहुधा या दुसऱ्या प्रकारातील असतात, आणि त्यांची किंमतही त्यानुसार चढते.

शिराझच्या सुवासात काळ्या मिरीचा जो स्पष्ट दरवळ येतो, त्याचे कारण 2008 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी शोधून काढले: रोटंडोन नावाचे जे द्रव्य मिरीच्या दाण्यात असते तेच अल्पांशाने या द्राक्षाच्या सालीत असते. पाच माणसांत एखाद्याला हा वास मुळीच येत नाही, असेही त्या परीक्षांत आढळले. तेव्हा आपल्या सोबत्याला मिरी जाणवली आणि आपल्याला जाणवली नाही तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

खरेदी करताना

विदर्भातील पुष्कळांची तांबड्या वाइनशी पहिली ओळख ‘पोर्ट’ या नावाने विकल्या जाणाऱ्या गोड वाइनने झालेली असते. ही वाइन, विशेषतः गोव्यातील, बव्हंशी बेंगळुरू ब्ल्यू या द्राक्षाची. अमेरिकी रानद्राक्षाचा अंश असलेल्या या जातीला एक उग्र, मधाळ वास असतो, आणि त्यात साखर राखल्यामुळे ती सरबतासारखी घशाखाली उतरते. ज्याची जीभ या गोडीस सरावली आहे त्याला शिराझचा पहिला घोट आंबट व तुरट लागणार, आणि बाटली बिघडली की काय अशी शंकाही येणार. ती बिघडलेली नसते. तिच्यातील जवळजवळ सर्व साखर मद्यार्कात परिणत झालेली असते, एवढेच. अशा वाचकाने पहिल्या प्रथम महागडी, पिंपात मुरविलेली बाटली न घेता, पिंपाचा उल्लेख नसलेली साधी शिराझ, किंवा शिराझ व कॅबर्नेट या दोन तांबड्या जातींचे साधे मिश्रण घ्यावे. अशा वाइनचा तुरटपणा सौम्य असतो.

बाटली हाती घेतल्यावर प्रथम वर्ष पाहावे. लेबलावरील साल हे तोडणीचे असते. आणि आपली तोडणी वर्षाच्या आरंभी होत असल्यामुळे, त्याच सालच्या युरोपीय बाटलीपेक्षा नाशिकची बाटली सुमारे सहा-आठ महिन्यांनी वडील असते. साधी शिराझ तोडणीपासून दोन-तीन वर्षांत संपवावी. ‘रिझर्व्ह’ बाटली चांगल्या जागी ठेवल्यास चार-पाच वर्षे धीर धरते. जुनी तितकी उत्तम हा समज फ्रान्समधील मोजक्या वाइनविषयी खरा असेल, परंतु नाशिकच्या बहुतेक तांबड्या वाइन ताज्या असतानाच आपले गुण दाखवितात, आणि दुकानात पाच-सहा वर्षे धूळ खात पडलेली बाटली स्वस्तात मिळाली तरी ती स्वस्त नसते. त्यानंतर दुकानाकडे पाहावे. काचेच्या दर्शनी कपाटात पश्चिमेचे ऊन खात उभी असलेली बाटली कोणत्याही किमतीला घेऊ नये; जेथे वातानुकूलन आहे आणि माल लवकर खपतो अशाच दुकानातून घ्यावी. बूच कॉर्कचे असेल व ते किंचित वर आलेले अथवा गळ्याशी चिकट ओघळ असेल, तर त्या बाटलीने उष्णता सोसली आहे असे समजून ती परत ठेवावी. फिरकीचे झाकण असलेली बाटली हलकी समजण्याचे कारण नाही. आपल्या हवेत, जेथे कॉर्क लवकर सुकते, तेथे ते झाकणच अधिक भरवशाचे.

परवाना आणि प्रवास

महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास व सेवन करण्यास परवाना लागतो, ही गोष्ट पुष्कळांच्या गावी नसते. 1949 च्या दारूबंदी कायद्याचा अंमल आजही चालू असून, राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून एक दिवसाचा, एक वर्षाचा अथवा आजीव परवाना मिळतो. एक दिवसाचा परवाना बहुधा दुकानातच दिला जातो. वयाची अट व जवळ बाळगावयाच्या बाटल्यांची मर्यादा यांची खातरजमा त्या खात्याच्या नागपूर येथील कार्यालयात करून घ्यावी, आणि खरेदीची पावती जपून ठेवावी.

नाशिकला द्राक्षमळे पाहावयास जाऊन तेथूनच बाटल्या आणण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे; परंतु येथे एक ताकीद देणे अगत्याचे आहे. समृद्धी महामार्गाने या अथवा रेल्वेने या, नागपूरला पोचण्यापूर्वी वर्धा जिल्हा ओलांडावा लागतो, आणि सेवाग्रामच्या पुण्याईने त्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. दक्षिणेकडे गडचिरोलीतही तसाच हुकूम लागू आहे. नागपुरात पूर्णतः कायदेशीर असलेली बाटली त्या हद्दीत गुन्ह्याचा मुद्देमाल ठरू शकते. तेव्हा नाशिकला जाऊन चव घ्यावी, आवडलेल्या वाइनचे नाव व साल टिपून आणावे, आणि बाटली नागपुरातच विकत घ्यावी, हा मार्ग निर्धोक. नागपूरहून खापरखेड्यास आणतानाही, मार्च ते जून या काळात दुपारी दुचाकीच्या डिकीत अथवा बंद मोटारीच्या मागील कप्प्यात ती ठेवू नये. त्या भट्टीत वाइन अकाली म्हातारी होते. सूर्य मावळल्यावर आणावी.

साठवण

वाइनचे चार शत्रू: उष्णता, तापमानाचे चढउतार, प्रकाश आणि हादरे. तिला बारा ते पंधरा अंश सेल्सिअसची स्थिर जागा आवडते. खापरखेड्याच्या घरात तशी जागा नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत काही अंशी लाभते, आणि पुढे नाही. म्हणून पहिला नियम असा की, साठा करावयाचाच असेल तर तो हिवाळ्यापुरताच करावा. नोव्हेंबरात घेतलेल्या बाटल्या होळीपूर्वी संपतील इतक्याच घ्याव्यात, आणि उन्हाळ्यात बाटली आणली तर ती आठवड्याच्या आत उघडावी.

हिवाळ्यात उत्तरेकडील भिंतीलगतचे, स्वयंपाकघरापासून दूर असलेले, जमिनीजवळचे कपाट पसंत करावे. माळ्यावर कदापि ठेवू नये, कारण स्लॅबखालची हवा घरातील सर्वांत तप्त हवा असते. कॉर्कची बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते. फिरकीची उभी ठेवली तरी चालते. उन्हाळ्यात शीतकपाटाखेरीज गत्यंतर नाही: खालच्या, भाजीच्या कप्प्यात वर्तमानपत्रात गुंडाळून बाटली ठेवावी, म्हणजे प्रकाश व वास या दोहोंपासून ती सुरक्षित राहील. पाच-सहा अंशांची ती थंडी वाइनच्या दीर्घ वास्तव्याला आदर्श नव्हे, परंतु बेचाळीस अंशांच्या कपाटापेक्षा ती शतपटीने श्रेयस्कर. डेझर्ट कूलरच्या भरवशावर बाटली खोलीत ठेवू नये. कूलर आपल्याला सुखावतो, परंतु तो बंद पडला की खोली पुन्हा तापते, आणि हा रोजचा चढउतारच बाटलीला सर्वाधिक बाधतो.

उघडणे आणि चाखणे

शिराझ सोळा ते अठरा अंशांवर प्यावी. मे महिन्यात शीतकपाटातून काढल्यावर वीस मिनिटे, आणि डिसेंबरात पाऊण तास थांबले म्हणजे ती या मर्यादेत येते. शीतकपाट नसेल किंवा बाटली नुकतीच आणली असेल, तर बादलीत निम्मे पाणी व निम्मा बर्फ घालून तीत वीस मिनिटे गळ्यापर्यंत बुडवून ठेवावी; नुसत्या बर्फापेक्षा बर्फमिश्रित पाणी बाटलीला सर्व बाजूंनी बिलगत असल्यामुळे अधिक त्वरेने गार करते. पेल्यात मात्र बर्फ घालू नये. गरम शिराझमध्ये मद्यार्काची जळजळ तेवढी पुढे येते आणि फळाचा स्वाद हरपतो. अति गार झाली तर सुवास मुका होऊन तुरटपणा कडवटाकडे झुकतो.

पेला साधा, पातळ काचेचा, तळाशी रुंद व तोंडाशी किंचित अरुंद असावा, आणि तो एक-तृतीयांशच भरावा, म्हणजे वाइन फिरवून तिचा वास घेता येतो. प्रथम रंग पाहावा: कडेला जांभळी झाक असेल तर वाइन तरुण आहे, विटकरी छटा असेल तर ती प्रौढ झाली आहे. मग वास: जांभूळ, काळे मनुके, मिरी, आणि पिंपातील असल्यास व्हॅनिला अथवा भाजलेल्या लाकडाचा अंश. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच दूषित आहे, सिरक्याचा आला तर वाइन आंबली आहे, आणि शिजवलेल्या मुरंब्यासारखा आला तर तिने उन्हाळा भोगला आहे. या तिन्ही प्रसंगी दोष आपल्या जिभेचा नसून बाटलीचा आहे. बुचाला वा तळाशी स्फटिक दिसले तर मात्र भिऊ नये. द्राक्षातील टार्टारिक आम्लाचा तो क्षार थंडीने जमतो व तो निरुपद्रवी असतो.

जेवणाची संगत

नागपूरकडील माणूस शिराझ म्हटले की सावजी मटणाकडे पाहणार, आणि मिरी, लवंग, दगडफूल यांनी भरलेला तो मसाला या वाइनच्या सुवासाशी जुळतोही. परंतु मिरचीचा हिशेब निराळा आहे. तिखटाने पेटलेल्या जिभेवर मद्यार्क व टॅनिन दोन्ही आगीत तेल ओततात, म्हणून तर्रीने लाल झालेल्या रश्श्याबरोबर शिराझ घेणे म्हणजे दोहोंचा विरस करणे होय. मसाला तोच ठेवून मिरची निम्मी करावी, रस्सा आटवून मटण सुके करावे, आणि सौम्य, पिंपात न मुरविलेली बाटली नेहमीपेक्षा किंचित गार, पंधरा अंशांच्या आसपास घ्यावी, म्हणजे मिरीला मिरी भेटते. शाकाहारी ताटात विस्तवावर भाजलेल्या वांग्याचे भरीत हा तिचा उत्तम सोबती, कारण भाजल्याचा धुरकट स्वाद व पिंपाचा स्वाद एका जातीचे आहेत. रोडगे व वांग्याची भाजी, तसेच कमी तिखटाचा पाटवडीचा रस्सा, हेही शोभतात. पुरणपोळी, श्रीखंड अथवा संत्राबर्फी यांच्याबरोबर ती घेऊ नये. गोडाच्या शेजारी कोरडी वाइन निव्वळ आंबट लागते.

उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून शीतकपाटात उभी ठेवल्यास तीन दिवस बरी राहते. त्यानंतर ती मटणाच्या मुरवणीस अथवा रस्सा आटवण्यास खर्च करावी. आणि ज्यांना मद्य वर्ज्य आहे, किंवा जे नित्य औषधे घेतात, त्यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून केवळ प्रतिष्ठेपायी या मार्गाला लागू नये; द्राक्षाची झाली म्हणून वाइनमधील मद्यार्क औषध होत नाही.

परसात वेल लावावी काय

हा प्रश्न हमखास विचारला जातो. परसातील मांडवावर खाण्यापुरती द्राक्षवेल नागपूरकडेही जगते, परंतु वाइनसाठी शिराझ लावण्याचा खटाटोप येथे करू नये. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या सुमारास आहे, म्हणजे नाशिकच्या जवळजवळ निम्म्या उंचीवर. फेब्रुवारी उलटताच येथील ऊन चढू लागते, आणि फळ पिकण्याच्या ऐन वेळी आंबटपणा झपाट्याने उतरून तोल बिघडतो. काळी जमीन पाणी धरून ठेवते, ते द्राक्षाच्या मुळांना मानवत नाही. आणि केवडा व भुरी या रोगांसाठी फवारणीची जी अखंड जागरूकता लागते ती हौसेच्या दोन वेलींसाठी कोणी ठेवीत नाही. ज्यास प्रयोगच करावयाचा असेल त्याने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काटाबा व ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून सिद्ध केलेल्या एआरआय-516 या जातीची चौकशी करावी. बुरशीला ती फारशी दाद देत नाही आणि रस, मनुके व वाइन या तिन्ही कामी येते.

बहुसंख्य वाचकांना तेवढे करण्याचे प्रयोजन नाही. त्यांनी येत्या डिसेंबरात एकाच कारखान्याच्या, शक्य तर एकाच सालच्या दोन बाटल्या आणाव्यात, एक साधी शिराझ व एक पिंपात मुरविलेली; चार जाणत्या मित्रांना बोलावून दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून, घोट-घोट, ताटातील प्रत्येक पदार्थाबरोबर चाखून पाहाव्यात, आणि कोणती कशाबरोबर रुचली याची नोंद एका वहीत करावी. पुढल्या हिवाळ्यात दुकानात गेल्यावर परदेशी पुस्तकाऐवजी ती वहीच जवळ ठेवावी. तिच्यातील निकाल खापरखेड्याच्या हवेत, खापरखेड्याच्या जेवणावर लागलेला असेल, आणि म्हणून तोच आपल्यापुरता प्रमाण मानण्यास योग्य.